रिबिनीचा रंग आणि डबीचे झाकण

अमेरिकेतल्या जुन्या बाजारात जपानी पदके येतात कुठून, असे मंडळातले मित्र आम्हाला नेहमी विचारतात. १९४५ ते १९५२ या काळात जपानमध्ये अमेरिकन सैन्य होते. घरी परतणाऱ्या शिपायांच्या सामानातून आठवण म्हणून बरेच काही इकडे आले. आता त्यांची नातवंडे माळे आवरताहेत, आणि आमच्यासारख्यांच्या शनिवारची सोय होते आहे!

आम्हाला गोडी आहे ती ‘होशो’ची. हे लढाईचे पदक नव्हे, नागरिकांचे सन्मानपदक. १८८१ साली सुरू झाले. चांदीची गोल चकती, कडेने चेरीची फुले, मधोमध दोन अक्षरे. घाट सगळ्यांचा सारखाच, फरक रिबिनीचा. जिवावर उदार होऊन दुसऱ्याला वाचवणाऱ्यास लाल, लोकहिताचे काम करणाऱ्यास निळी, मोठी देणगी देणाऱ्यास गडद निळी. गोची आहे ती इथेच. रिबीन म्हणजे रेशमाचा तुकडा, पाच मिनिटांत बदलता येतो.

म्हणून आम्ही आधी डबी बघतो. जुनी डबी बहुधा काळ्या लाखेची, आणि झाकणावर रंगासकट पदकाचे नाव. झाकण एक सांगते आणि रिबीन दुसरेच, तर सरळ पुढच्या टेबलाकडे वळावे. गडद निळी रिबीन १९१८ पासूनची, जांभळी १९५५ पासूनची. तेव्हा १९१२ साली संपलेल्या मेजी काळातले जांभळे पदक कोणी दाखवलेच, तर नुसते हसावे. आणि चांदी काळवंडली म्हणून चिंच लावून घासू नका. ते देवघरातल्या भांड्यांपुरते ठीक.

सोबत सनद असेल तर उत्तमच. तारखेपुरते जपानी कोणालाही जमेल. आडवी रेघ म्हणजे एक, तीन रेघा म्हणजे तीन, अधिकचे चिन्ह म्हणजे दहा. अधिकाखाली तीन रेघा म्हणजे तेरा, आणि तीन रेघांखाली अधिक म्हणजे तीस. शोवा काळ असेल तर त्यात १९२५ मिळवा, तैशोला १९११, मेजीला १८६७. शोवा तेरा म्हणजे १९३८.

त्याच सनदेवर मानकऱ्याचे नावही असते, आणि तिथे आम्हा दोघांचे वाजते. एकाचे म्हणणे, कुणाच्या तरी आजोबांनी नदीत उडी घेऊन मिळवलेली वस्तू आपल्या कपाटात कशाला? दुसऱ्याचे म्हणणे, आपण नाही घेतली तर पुढचा गिऱ्हाईक चांदी एकीकडे आणि कागद दुसरीकडे विकील. तूर्त एवढेच ठरले आहे की नाव असलेला संच फोडायचा नाही. उद्या घरच्यांपैकी कोणी शोधत आले, तर पदक, डबी आणि सनद एकत्रच हातात द्यायची. किती पैसे मागायचे, यावर अजून एकमत नाही.