एका परमाणूच्या जाडीची कल्हई

पितळेच्या पातेल्याला कल्हई कां हवी, हें घरांतील वडील स्त्रियांना कोणी सांगावयास नको. कल्हई उडाली कीं ताक कळकतें. भांडें तेंच, वजनही जवळजवळ तेंच. परंतु वरचा कथिलाचा पापुद्रा गेला आणि भांड्याचा गुण पालटला. पदार्थाचा संबंध भांड्याच्या गाभ्याशीं येत नसून पृष्ठाशीं येतो, हें यांतील मर्म. याच मर्मावर आज पदार्थविज्ञानाची एक मोठी शाखा उभी आहे. तिच्यांतील भांडें सिलिकनचें असतें. कल्हई चांदीची, सोन्याची अथवा इंडियम नांवाच्या मऊ धातूची असते. आणि तिची जाडी पुष्कळदां अवघी एका परमाणूची असते.

सिलिकन हें नांव परकें असलें तरी वस्तु आपल्या पायांखालचीच आहे. अजिंक्यताऱ्याच्या काळ्या कातळांत आणि सांगलीच्या घाटाजवळील कृष्णेच्या वाळूंत तें प्राणवायूशीं जखडून बसलेलें आहे. काळ्या कातळाचें सुमारें निम्में वजन या संयुगाचेंच भरतें. या मुलखानें त्याच्याशीं व्यवहारही फार केला. आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली. तेथें वितळलेलें लोखंड वाळूच्या सांच्यांत ओतून नांगर घडले. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडाजवळ ओगले बंधूंनीं १९१६ सालीं कांचेचा कारखाना काढला. तेथें वाळूच वितळवून कांच झाली आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोंचला. मात्र हें सारें काम प्राणवायूशीं बांधलेल्या सिलिकनचें. तो प्राणवायु भट्टींत काढून टाकून शुद्ध स्फटिक बनविला म्हणजे पुढची कथा सुरू होते.

या स्फटिकांत प्रत्येक परमाणूला चार हात आहेत आणि प्रत्येक हात शेजाऱ्याच्या हातांत गुंतला आहे, अशी कल्पना करावी. पण स्फटिक जेथें संपतो, तेथील परमाणूनें आपला वरचा हात कोणाच्या हातांत द्यावा? तो रिकामाच राहतो. असे रिकामे हात कमी व्हावे म्हणून पृष्ठावरचे परमाणु जागा सोडून नवी मांडणी करितात. सिलिकनच्या एका विशिष्ट पृष्ठावर ही रांगोळी सात गुणिले सातांच्या घराची असते. तिचा सुगावा १९५९ सालीं लागला. १९८३ सालीं झूरिकजवळच्या प्रयोगशाळेंत गेर्ड बिनिग, हाइनरिश रोरर व त्यांचे सहकारी यांनीं अणकुचीदार टोकानें पृष्ठ चांचपून तिचें चित्र मिळविलें, आणि १९८५ सालीं जपानच्या तकायानागी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिची पूर्ण उकल केली. ४९ रिकाम्या हातांच्या जागीं आतां १९ च उरतात!

यावर कल्हई कशी चढते? कल्हईवाला आधीं नवसागरानें भांडें स्वच्छ करितो, तापवितो, मग कथील फिरवितो. येथेंही क्रम तोच. फक्त स्वच्छता निर्वात पात्रांतील हवी, कारण साध्या हवेंत असें पृष्ठ क्षणार्धांत मळतें. तापलेल्या पृष्ठावर चांदीचा एक थर बसला कीं सातांची रांगोळी मोडते. चांदीचे परमाणु तिघातिघांचे त्रिकोण करून सांखळीसारखे गुंफले जातात आणि रिकामे हात भरून निघतात. इंडियम ओळी करितो; त्या ओळींतून इलेक्ट्रॉन तारेंतल्यासारखे धांवतात. तेंच पृष्ठ शून्याखालीं सुमारें १५० अंशांपर्यंत थंड केलें कीं परमाणूंची मांडणी पालटते व तो प्रवाह खुंटतो, असें १९९९ सालीं दिसून आलें. मांडणी बदलली कीं विजेचें वर्तन बदलतें, याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

हें केवळ विद्वानांचें कौतुक नव्हे. माण किंवा जत तालुक्यांतील कोरडवाहू शेतावर जो सौरपंप चालतो, त्याच्या तावदानांत सिलिकनच्या चकत्या असतात. त्यांवर चांदीच्या बारीक रेघा व पाठीशीं अॅल्युमिनियम असतें. उन्हानें सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना धातु आणि सिलिकन यांच्या सीमेवरूनच बाहेर पडावें लागतें. या सीमेवर विजेला बांध पडतो हें शॉट्की यांनीं १९३८ सालीं उलगडून दाखविलें. पृष्ठावरच्या इलेक्ट्रॉनांचा त्यांत मोठा हात असतो हें बार्डीन यांनीं १९४७ सालीं दाखविलें. सीमा बिघडली तर विहिरीचें पाणी चढविणारी वीज जागच्या जागीं उष्णता होऊन जाते. चांदी महाग, तांबें स्वस्त. पण तांब्याचे परमाणु सिलिकनच्या पोटांत शिरून त्याचा गुण नासवितात, जणूं कल्हईवांचूनच्या भांड्यांतील ताकच! म्हणून मध्यें आड घालण्यासारखा दुसरा पातळ थर द्यावा लागतो. तो कोणता, किती जाड, हें पृष्ठाचा अभ्यास करणाराच सांगूं शकतो.

आपल्या देशांत लागणाऱ्या या चकत्या अजून बव्हंशी परदेशांतून येतात. वाळूच्या सांच्यांत लोखंड ओतण्याची आणि वाळूची कांच करण्याची विद्या ज्या मुलखानें एकेकाळीं कष्टानें साधली, त्यानें या सूक्ष्म कल्हईकडे पाठ फिरवूं नये. घरांतील विज्ञानाची गोडी असणाऱ्या मुलामुलींना, पदवीनंतर काय, असा प्रश्न पडेल तेव्हां वडीलधाऱ्यांनीं ही वाटही त्यांच्यापुढें ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.