हरकत घेतली, पुढे काय?

शहर आणि आपण : भाग 6

विकास आराखडा कसा तयार होतो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. या वेळी तो लोकांपर्यंत कसा पोचतो, ते पाहू.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने नव्या आराखड्याचे प्रारूप 14 मे 2025 रोजी प्रसिद्ध केले आणि हरकती-सूचनांसाठी 60 दिवस दिले. सुमारे पन्नास हजार हरकती आल्या. यात जागरूकता होती, तशी धास्तीही होती.

काळेवाडीतील विजयनगर, नढेनगर, तापकीरनगर या वस्त्यांत कामगारांनी गुंठा-अर्धा गुंठा जागेत घरे बांधली. 2017 मध्ये काळेवाडी-थेरगाव पट्ट्यातील रिंगरोडच्या आरक्षणापायी घर पाडले जाणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. तो धसका अजून आहे. इथला माणूस घराचा पत्ता गल्ली आणि चौकावरून सांगतो. नकाशात मात्र सर्व्हे नंबर आणि रंगीत पट्टे. मोबाइलवर कितीही मोठा करून पाहिला, तरी रस्ता घरावरून जातो की शेजारून, ते उमगत नाही. विचारायचे तर कोणाला? मार्च 2022 मध्येच नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले होते.

महापालिकेला लोकांशी बोलता येत नाही, असे नाही. 15 ऑगस्ट 2013 रोजी तत्कालीन आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या काळात ‘सारथी’ हेल्पलाइन सुरू झाली. कचरा, पाणी, बंद दिवे यांच्या तक्रारी एका फोनवर नोंदवता येऊ लागल्या. 2022 मध्ये क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा आल्या, पण त्या सोमवारी. या पट्ट्यातील कितीतरी कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी! सभेला जायचे तर कामगाराने खाडा करायचा.

लोकांशी त्यांना समजेल आणि जमेल अशा रीतीने बोलावे लागते, हा धडा युरोपीय संघालाही मतपेटीतून मिळाला. 2005 मध्ये आधी फ्रान्सच्या आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना नाकारली. त्यानंतर युरोपीय आयोगाने लोकसंवादासाठी ‘प्लॅन डी’ आणला. पुढे 2021-22 मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे 800 सामान्य नागरिक निवडून त्यांना युरोपच्या भवितव्यावर चर्चेला बसवले. त्यांच्या ज्या शिफारशींसाठी मूळ करार बदलावे लागतील, त्या मात्र अडून आहेत. पण एक हक्क पक्का आहे : संघाच्या 24 अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत पत्र लिहा, उत्तर त्याच भाषेत मिळते.

आपल्याकडेही कायदा तोकडा नाही. माहिती अधिकार कायद्याचे (2005) कलम 4 सांगते, की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि बाधितांना निर्णयाची कारणे द्यावीत. तेव्हा गल्ल्या-चौकांची नावे घातलेला नकाशा क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर लागला पाहिजे. तो समजावून सांगायला गुरुवारी अभियंता बसला पाहिजे. आणि हरकत मान्य होवो वा अमान्य, कारणासह लेखी उत्तर घरी आले पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. आयुक्तांचा आदेश पुरेसा आहे.

पुढील आठवड्यात : प्रभाग समितीच्या बैठकीत नागरिकाला जागा कुठे?