कोरड्या जमिनीवर बुडालेला माणूस

वीररस म्हटला की आपल्या कानांत डफ घुमू लागतो. पोवाड्यांवर पोसलेल्या आपल्या मनाला युद्धकाव्य म्हणजे पराक्रमाचे गान, एवढेच ठाऊक असते. अशा रसिकाने पहिल्या महायुद्धातील इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची ‘डुल्से एट डेकोरम एस्ट’ ही कविता हाती घेतली, तर तो प्रथम गोंधळतोच. शीर्षक होरेस या रोमन कवीचे, देशासाठी आलेल्या मरणाची थोरवी सांगणारे. आत मात्र चिखलातून लंगडत जाणारे सैनिक, अवचित आलेला विषारी वायू आणि मुखवटा वेळेवर न चढवता आलेला एक अभागी जीव. हिरव्या समुद्रात कोणी बुडावे, तसा तो कवीला दिसतो.

असे स्थळ आले की आम्ही शिकविणारी मंडळी ‘उपमा अलंकार’ म्हणून मोकळे होतो. परंतु इतिहास काय सांगतो पाहा. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. हा वायू हिरवट पिवळा आणि हवेपेक्षा जड. म्हणून तो खंदकात उतरून साचतो. श्वासाबरोबर आत गेला की फुप्फुसांत पाणी भरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर गुदमरतो. चारच दिवसांनी आपल्या लाहोर डिव्हिजनच्या जवानांनाही या विषारी वायूने गाठले. हे कळल्यावर ओवेनची ती उपमा अलंकार राहत नाही. वैद्याने करावी तशी ती नोंद ठरते.

याच विषयावरचे जॉन सिंगर सार्जंट याचे ‘गॅस्ड’ हे १९१९ चे चित्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. रुंदी सुमारे वीस फूट. डोळ्यांना पट्ट्या बांधलेले सैनिक एकमेकांच्या आधाराने ओळीने चालले आहेत. एकाने अंदाजाने पाय फारच उंच उचलला आहे. दूरवर काही जण फुटबॉल खेळत आहेत! येथला वायू निराळा, १९१७ पासून वापरात आलेला मस्टर्ड गॅस. तो डोळ्यांवर घाला घालतो. चित्रातला तो सोनेरी उजेड पाहून मन हेलावते, पण आपण दूर उभे असतो. ओवेन मात्र आपल्याला त्या मरणाऱ्याच्या अगदी जवळ नेऊन उभे करतो. एवढे पाहिल्यावर ते जुने लॅटिन वचन कोवळ्या पोरांना सांगवेल का, असा त्याचा सवाल आहे. कवितेच्या एका मसुद्यावर जेसी पोप या बाईंचे नाव होते. तरुणांना लष्करात भरती व्हायला उठविणारी पद्ये त्या वर्तमानपत्रांतून लिहीत.

हा सवाल भित्र्याचा नव्हता. एडिंबरोजवळच्या लष्करी इस्पितळात १९१७ साली ही कविता लिहिणारा ओवेन पुन्हा आघाडीवर गेला, मिलिटरी क्रॉसचा मानकरी ठरला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, अवघ्या पंचविशीत, धारातीर्थी पडला. आईच्या हाती तार पडली ती ११ नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना.

पुढे १९२० मध्ये त्या माउलीने रवींद्रनाथांना पत्र लिहिले. शेवटचा निरोप घेताना मुलाने ‘गीतांजली’तले शब्द उच्चारले होते, आणि त्याच्या खिशातल्या वहीतही तेच तिला लिहिलेले सापडले. होरेसचे वचन नाकारणाऱ्या त्या सैनिकाने उराशी बाळगले होते ते हे.