मूल कोणाकडे राहील?

“पाच वर्षांपर्यंत मूल आईचे, पुढे बापाचे.” नवरा-बायकोचे पटेनासे झाले आणि गोष्ट फारकतीवर आली की घरातील वडीलधारी मंडळी याच हिशेबाने बोलू लागतात. या विधानाचा पहिला भाग अर्धामुर्धा खरा आहे. दुसरा मुळीच खरा नाही, आणि त्याच्यावर विसंबून पुष्कळ लोक फसतात.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात, पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल ‘सामान्यतः’ आईपाशी असावे असे म्हटले आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात, २०१५ साली, हे स्पष्ट झाले की इतक्या लहान मुलाच्या बाबतीत आई अयोग्य आहे हे बापाने सिद्ध करावयाचे. आपण योग्य आहोत हे आईने नव्हे. पण पाचवा वाढदिवस झाला म्हणून मूल उचलून बापाच्या स्वाधीन करावे असे कायद्यात कोठेही नाही. त्याच कायद्याचे तेरावे कलम सांगते की मुलाचे हित हीच सर्वांत वरची गोष्ट. बाप हा ‘नैसर्गिक पालक’ आणि ‘त्याच्यानंतर’ आई, या शब्दांवरही १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात निकाल झाला. ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर असे नव्हे. तो मुलाकडे पाहत नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक होऊ शकते.

‘ताबा’ हा शब्द आपण जमिनीला वापरतो, घराला वापरतो आणि मुलालाही वापरतो. मला तो खटकतो. जमिनीच्या दाव्यात हक्क कोणाचा हे पाहतात. मुलाच्या दाव्यात आईबापांचा हक्क हा मुख्य प्रश्नच नसतो. मूल ही काही मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावले आहे.

मग हित ठरते कशावरून? १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात मुलाचे वय, लिंग, धर्म, ताबा मागणाऱ्याची वर्तणूक व पात्रता अशा गोष्टी सांगितल्या आहेत. प्रत्यक्षात प्रश्न फार साधे असतात. मुलाला शाळेत कोण सोडते? ताप आला तर रात्री कोण जागते? शाळा, आजी, मित्र यांतले काय सुटेल? पैशाला लोक समजतात तेवढे वजन नाही. मुंबईच्या एका खटल्यात बाप अमेरिकेत होता, मिळकत मोठी होती, तिकडे शिक्षणही उत्तम मिळाले असते. तरी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मूल आईकडेच ठेवले. शिवाय मूल ज्याच्याकडे नाही त्याची खर्चाची जबाबदारी सुटत नाही.

१९८४ च्या कायद्याने आलेल्या कुटुंब न्यायालयाची रीतही निराळी आहे. प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्यच आहे. समुपदेशक दोघांशी व मुलाशी बोलतात. पक्षकारांपैकी एकाने जरी मागितले तरी काम बंद दाराआड चालवावे लागते. मूल जाणते असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या खोलीत बोलावून विचारतात. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील सारी मुले ‘अज्ञान’, पण अशा वेळी नऊ-दहा वर्षांचे मूल कित्येकदा मोठ्यांहून शहाणपणाने बोलते! त्याचे म्हणणे विचारात घेतात, मात्र तेवढ्यावरच निकाल देत नाहीत. कारण ते पढवलेलेही असू शकते.

आता आपल्या सीमाभागाचा प्रश्न. समजा, सासर कोल्हापूरचे आणि माहेर शहापूरचे. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आई मे महिन्यात माहेरी आली ती परत गेलीच नाही. मुलीसाठी अर्ज कोठे करायचा? १८९० च्या कायद्याप्रमाणे मूल जेथे ‘सामान्यतः राहते’ तेथील न्यायालयात. सुट्टीतल्या महिन्याभराने हे ठिकाण बदलत नाही. पण मुलगी दोन वर्षे बेळगावच्या शाळेत जात असेल तर उत्तर बदलेल. घटस्फोटाचा दावा मात्र २००३ पासून पत्नीला स्वतः राहते त्या गावीही लावता येतो, आणि त्या दाव्यात मुलांविषयी हुकूम मागता येतो. त्यामुळे एकाच मुलीसाठी दोन गावी दोन प्रकरणे उभी राहू शकतात. त्यांपैकी एक दुसऱ्या राज्यात हलवून घ्यायचे तर अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. कोल्हापूर-बेळगाव अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण वाट दिल्लीवरून!

म्हणूनच ‘आधी मूल ताब्यात घ्या, मग बघू’ हा सल्ला घातक आहे. तारखा पडत जातात, मूल एका घरात रुळते, आणि दुसरा पालक त्याला परका होतो. रुळलेल्या मुलाला हलवायला न्यायालयही सहसा धजत नाही. यावर उपाय अंतरिम अर्जाचा. निकालापूर्वीच भेटीचे दिवस, दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी वाटून मिळते. भेट शक्य नसेल तेथे व्हिडिओवरून बोलणे करून द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. आईबाप दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचाच हक्क, ही त्यामागची भूमिका. विधी आयोगाने तर २०१५ साली संयुक्त ताब्याची शिफारस केली. मला ती पटते, मात्र दोन्ही घरे एकाच गावात असतील तर. आठवड्यातून दोनदा निपाणीचा घाट चढणाऱ्या मुलाचे हित त्यात कसले?

ताब्याचा निकाल कायमचा नसतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. परिस्थिती पालटली, म्हणजे बदली झाली, आजार आला किंवा मुलाचेच मन बदलले, तर त्याच न्यायालयात पुन्हा अर्ज करता येतो. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ही वाट खुली असते.