दोघांत एक डोळा

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात शिल्पकार ब्रांकुशीचं ‘चुंबन’ पाहताना आधी दगड दिसतो, माणसं नंतर. चुनखडीचा, जेमतेम 58 सेंटिमीटर उंचीचा ठोकळा. बाजू जवळजवळ सपाट. त्यातून दोन माणसं वेगळी होतात ती मधून गेलेल्या एका उभ्या खाचेमुळे. दोन्ही चेहऱ्यांचा अर्धा-अर्धा डोळा त्या खाचेवर येऊन भिडतो आणि पाहणाऱ्याला मिळून एकच डोळा दिसतो. हात म्हणजे ठोकळ्याभोवती आवळलेले चपटे पट्टे. कोपराचं हाड शोधूनही सापडत नाही. बाई कोणती, हे लांब केसांवरून आणि छातीच्या किंचित फुगवट्यावरून ओळखायचं. बस्स.

याच शहरातल्या रोदँ संग्रहालयाकडे रोदँच्या प्रसिद्ध ‘चुंबना’ची संगमरवरी प्रत आहे. ती 1929 ची. रोदँ वारला 1917 मध्ये. यात गैर काही नव्हतं, तेव्हाची रीतच तशी होती. शिल्पकार मातीत घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा नमुना निघायचा, मग त्यावरच्या असंख्य बिंदूंची खोली यंत्राने मोजून तेवढी भोकं दगडात पाडायची आणि कारागिरांनी त्या खोलीपर्यंत दगड उतरवायचा. दगडाला काही विचारायचं कारणच उरत नसे.

ब्रांकुशी 1907 मध्ये थोडे दिवस रोदँच्या कारखान्यात होता. तिथून बाहेर पडला आणि छिन्नी थेट दगडाला लावली. अशा कामात उडालेली कपची परत चिकटवता येत नाही. मग कमीत कमी काढायचं. मला तरी वाटतं, या मूर्तीचा ठोकळेपणा बराचसा या सावधपणातूनच आलेला आहे.

समीक्षक मात्र प्रभावांची यादी काढतात. चित्रकार आंद्रे देरँने 1907 मध्येच दगडात एक उकिडवा माणूस कोरला होता, तोही ठोकळ्यात कोंबलेला. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये गोगँची लाकडी शिल्पं मांडली गेली होती. लूव्रमध्ये इजिप्तच्या मूर्ती होत्याच. हे सगळं खरं, पण माझं मत रोमानियातल्या होबित्सा या ब्रांकुशीच्या गावाला. तिथे घरांचे खांब आणि फाटकं कोरीव लाकडाची असत, आणि क्रायोव्हाच्या हस्तकला शाळेत तो लाकूडकामच शिकला. ओंडक्याच्या बाहेर जाता येत नाही, हे सुताराला वेगळं शिकवावं लागत नाही. (याच माणसाने पुढे इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी काळ्या आणि पांढऱ्या संगमरवरातले पक्षी घासूनघासून तुकतुकीत केले. चुनखडीवर मात्र त्याने खरबरीतपणा राहू दिला.)

‘चुंबन’ त्याने पुन्हापुन्हा कोरलं. पहिलं क्रायोव्हात आहे, फिलाडेल्फियातलं 1916 चं. 1909 च्या मूर्तीत जोडप्याला पायही आहेत. ती पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत, आत्महत्या केलेल्या एका तरुण रशियन मुलीच्या कबरीवर बसवली गेली. किमती चढल्यावर वारसांना ती काढून न्यायची होती. सरकारने अडवलं, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. अखेर 2021 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला: मूर्ती आणि तिच्याखालचा दगड कबरीचाच भाग आहेत, वेगळे करता येणार नाहीत.