चांदण्या दिसल्या म्हणजे लाइन बंद असे नव्हे

लोणावळ्याच्या बाजारात शनिवार-रविवार हेच कमाईचे दिवस. ऐन गर्दीत बिलाचा संगणक अडला की गिऱ्हाईक निघून जाते. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल धाडण्यास ई-वे बिल सुरू झाले, तेव्हापासून मावळातला लहान व्यापारीही इंटरनेटवर अवलंबून आहे.

मागल्या पावसाळ्यात आमचे बिलाचे सॉफ्टवेअर अडले. दुरुस्तीवाल्याने ‘पिंग’ चालविले. उत्तर आले नाही. ‘ट्रेसरूट’मध्ये नुसत्या चांदण्या. त्याने लाइन खराब ठरवून नवा राउटर सुचविला. परंतु त्याच संगणकावर बँकेचे पान बिनदिक्कत उघडत होते. सबब आम्ही पैसे न देता आधी शहानिशा केली.

पिंग हे १९८३ सालचे साधन. ते पलीकडच्या यंत्राला साद घालते व उत्तराची वाट पाहते. ट्रेसरूट वाटेतल्या प्रत्येक नाक्याची चौकशी करते. मात्र फायरवॉल हा पहारेकरी आहे. पुष्कळ ठिकाणी तो माल जाऊ देतो, पण चौकशीला जबाब देत नाही. भिवंडीहून निघालेल्या ट्रकची खोपोलीत विचारपूस केली व कोणी फोन उचलला नाही, तरी माल लोणावळ्यात उतरला तर रस्ता चालू होता हे उघड आहे. तसेच मधल्या ओळीत चांदण्या असून शेवटच्या ओळीत उत्तर आले, तर काळजीचे कारण नाही.

व्यापारी बांधवांनी तपास या क्रमाने करावा. प्रथम दुकानातल्या राउटरला पिंग करावे. मग बाहेरची दोन-तीन निरनिराळी संकेतस्थळे उघडून पाहावीत. ती उघडली तर लाइन ठीक आहे. त्यानंतर अडलेले सॉफ्टवेअर ज्या पोर्टवरून चालते, तोच पोर्ट तपासावा. विंडोजमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेने हे होते. आमच्याकडे संगणकातल्याच फायरवॉलने तो पोर्ट अडविला होता. त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी देताच काम सुरू झाले. राउटरचा खर्च वाचला.

एक इशारा. तपासासाठी फायरवॉल सरसकट बंद करू नये. दुकानाची तिजोरी उघडी टाकण्यासारखे ते आहे. उलट पिंगचे संदेश ज्या आयसीएमपी पद्धतीने जातात, ती पूर्ण अडविणेही बरे नाही. ‘पाकीट मोठे आहे, लहान करा’ हा निरोपही त्याच वाटेने येतो. तो अडला की लहान संदेश जातात आणि मोठी फाइल मध्येच लटकते.

दुरुस्तीवाला पुढच्या खेपेस चांदण्या दाखवील, तेव्हा एवढेच विचारावे: पोर्ट तपासला का?