मोकळी जागा कुठे लिहिलेली असते?

पेन ड्राइव्हवर दोन जीबीचा चित्रपट चढवायला काही मिनिटं लागतात. तोच डिलीट करायला मात्र पापणी लवण्याइतका वेळ पुरतो. दोन जीबी इतक्या झटकन पुसले कसे जातात? पुसले जातच नाहीत. कुठली जागा भरलेली आणि कुठली मोकळी, याचा एक नकाशा डिस्कवर जपलेला असतो. डिलीट करताना संगणक त्या नकाशात फेरफार करतो आणि मोकळा होतो. '१२ जीबी शिल्लक' हा आकडासुद्धा डिस्क चाचपून काढलेला नसतो, तो या नकाशाच्या हिशेबातून आलेला असतो. गंमत म्हणजे हा नकाशा आपल्याला उघडून बघता येतो, आणि त्याच्या आजवरच्या तऱ्हा एकाहून एक भन्नाट आहेत.

एक ब्लॉक, एक बिट

लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम आणि तिची १९९३ सालची पूर्वज एक्स्ट२, दोघीही डिस्कचे छोटे ब्लॉक पाडतात. आज हा ब्लॉक सहसा ४ केबीचा असतो. प्रत्येक ब्लॉकमागे नकाशात एकच बिट: १ म्हणजे भरलेला, ० म्हणजे मोकळा. नकाशाचा एक तुकडाही एकाच ब्लॉकात मावतो. ४ केबीत ३२,७६८ बिट बसतात, म्हणजे असा एक तुकडा बरोबर १२८ एमबी जागेवर लक्ष ठेवतो. १०२४ च्या पटीत मोजलेल्या १ टीबी डिस्कसाठी असे ८,१९२ तुकडे लागतात. त्यात बिट भरतात २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६, आणि तरीही सगळा नकाशा मिळून जागा अडवतो फक्त ३२ एमबी!

हा नकाशा वाचायचं लिनक्सवरचं 'डीबगएफएस' हे हत्यार मला मनापासून आवडतं. 'टेस्टबी' लिहून ब्लॉकचा क्रमांक दिला की तो वापरात आहे की नाही ते कळतं. 'आयचेक' त्या ब्लॉकचा आयनोड सांगतं. आयनोड म्हणजे फाइलचा आतला क्रमांक. 'एनचेक' त्या क्रमांकावरून फाइलचं नाव शोधून देतं. डिस्कवरचा एखादा सेक्टर खराब झाल्याची सूचना आली की या तीन पायऱ्या चढून नेमकी कुठली फाइल गमावली ते शोधता येतं. सगळी डिस्क गेली असं समजून हाय खाण्याआधी हे करून बघावंच. भीतीही नको, कारण साधं उघडलं तर डीबगएफएस नुसतं वाचतं. लिहिण्याची मुभा वेगळी मागावी लागते. सगळे मोकळे पट्टे एकदम बघायचे असतील तर 'डंपईटूएफएस' आहे.

जाता जाता: या फाइल सिस्टिममध्ये सगळ्यात वरच्या फोल्डरचा आयनोड क्रमांक २ असतो. १ हा क्रमांक खराब ब्लॉकांच्या यादीसाठी राखून ठेवलेला आहे.

कमोडोरचा उलटा कारभार

१९८२ साली आलेल्या कमोडोर १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकाशात १ म्हणजे मोकळा आणि ० म्हणजे भरलेला! फ्लॉपीवर ३५ ट्रॅक असायचे आणि नकाशा ठेवलेला असे १८ व्या ट्रॅकवर, म्हणजे अगदी मध्यावर. वाचणारं डोकं कुठल्याही टोकाला असलं तरी नकाशापर्यंत यायला त्याला निम्म्याहून जास्त अंतर कापावं लागू नये, हा त्यामागचा विचार. एकूण ६८३ ब्लॉक, त्यातले १८ व्या ट्रॅकचे १९ वजा जाता उरले ६६४. त्या काळात कमोडोर वापरलेल्या माणसाला कोऱ्या फ्लॉपीवरचा '६६४ ब्लॉक्स फ्री' हा आकडा आजही तोंडपाठ असतो.

नकाशाच नसलेली डिस्क

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये घडवलेल्या सीपी/एम या प्रणालीत डिस्कवर नकाशा नसायचाच. फ्लॉपीला पहिल्यांदा हात लावताना संगणक फाइलींची सगळी यादी वाचायचा आणि तिच्यावरून मेमरीत ताजा नकाशा काढायचा. मधेच कुणी न सांगता फ्लॉपी बदलली तर? जुन्या नकाशावर नवी फ्लॉपी लिहिली गेली असती तर अनर्थच. म्हणून फ्लॉपी बदललेली दिसताच सीपी/एम तिच्यावर लिहायला साफ नकार द्यायची. हा चोखपणा मला फार मोलाचा वाटतो.

सुरुवातीच्या युनिक्सची रीत आणखी निराळी होती. तिथे मोकळ्या ब्लॉकांची साखळी असायची: लागेल तेव्हा पुढचा ब्लॉक तोडून घ्यायचा, फाइल गेली की तो परत जोडायचा. जोड-तोड होता होता साखळीतला क्रम विस्कटायचा आणि एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरायचे. बर्कली विद्यापीठातल्या मॅकक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी १९८४ च्या शोधनिबंधात याचे आकडेच मांडले. नव्या कोऱ्या फाइल सिस्टिमचा वेग सेकंदाला १७५ केबीपर्यंत जायचा. काही आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर तो ३० केबीवर यायचा. डिस्क तीच, यंत्र तेच, फक्त मोकळ्या जागेची नोंद ठेवण्याची पद्धत वाईट! त्यांनी साखळी मोडून बिटांचा नकाशा आणला आणि डिस्कचे गट पाडून एका फाइलचे तुकडे शेजारीशेजारी ठेवायची सोय केली. एक्स्ट२ चे १२८ एमबीचे गट याच विचारातून आले.

नकाशा हीसुद्धा एक फाइलच

१९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसमध्ये नकाशा ही स्वतःच एक फाइल आहे. तिचं नाव डॉलरचं चिन्ह लावून 'बिटमॅप', आणि मुख्य नोंदवहीत तिचा क्रमांक ६. क्रमांक ८ ची फाइल खराब जागांची. तिचा आकार कागदोपत्री अख्ख्या डिस्कएवढा असतो, पण प्रत्यक्षात ती फक्त खराब निघालेली जागा अडवते. डिस्क धडधाकट असेल तर ती जवळपास रिकामीच. शिवाय काहीशे बाइटांची चिमुकली फाइल एनटीएफएस थेट नोंदवहीतच ठेवते. तिला नकाशातला एकही क्लस्टर (इथे ब्लॉकला हेच नाव आहे) लागत नाही, आणि 'डिस्कवरील आकार' शून्य दिसू शकतो.

पहिलं अक्षर खाणारा ई५

मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये लिहिलेली फॅट पद्धत आजही मेमरी कार्डांवर नांदते आहे. तिच्यात फाइल डिलीट केली की यादीतल्या नावाचा पहिला बाइट बदलून ई५ होतो आणि नकाशातल्या तिच्या क्लस्टरांसमोर शून्य लागतं. बाकीचं नाव, आकार आणि मजकूर जागच्या जागी! म्हणूनच डॉसमधली 'अनडिलीट' ही आज्ञा फाइल परत आणताना आपल्यालाच नावाचं पहिलं अक्षर विचारायची. ते तेवढं खरोखर गेलेलं असायचं. जपानी लिपीत नावाची सुरुवात ई५ नेच होऊ शकते हे लक्षात आल्यावर तशा नावांसाठी ०५ हा वेगळा बाइट वापरायचं ठरलं.

मंगळावर अडकलेली यादी

याच फॅटने एकदा मंगळावर घाम फोडला. 'नासा'ची स्पिरिट ही गाडी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली आणि २१ जानेवारीला तिचा नेहमीचा संपर्क तुटला. कळलं ते असं की गाडीचा संगणक सुरू होतोय, कोलमडतोय, पुन्हा सुरू होतोय, आणि हे साठाहून अधिक वेळा झालंय. रात्री झोपायचं सोडून ती जागीच राहत होती आणि बॅटरी उतरत होती. दोष फ्लॅश मेमरीत नव्हता. महिनोन्महिन्यांच्या प्रवासात आणि मंगळावरच्या कामात फाइली साचल्या होत्या. फाइल डिलीट केली तरी फोल्डरची यादी आखूड होत नाही, नोंदीची जागा तशीच अडून राहते. सुरू होताना ही लांबलचक यादी मेमरीत घ्यायला जागा पुरेना, की संगणक कोसळे. पुन्हा सुरू झाला की पुन्हा तीच यादी समोर. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी गाडीला आज्ञा दिली की फ्लॅशला हातही न लावता सुरू हो. तशी ती शुद्धीवर आली. मग नको त्या फाइली काढल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली स्पिरिट २०१० पर्यंत बोलत राहिली. कोट्यवधी किलोमीटरवरून केलेली ही दुरुस्ती माझ्या मते संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी आहे.

कब्जा एकाचा, उताऱ्यावर नाव नाही

लिहिणं चालू असताना पेन ड्राइव्ह खेचला की नकाशा आणि फाइलींची यादी यांचं जमेनासं होतं. जमिनीवर वहिवाट आहे पण सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही, तशी गत: क्लस्टर भरलेले दिसतात, पण ते कुठल्याच फाइलचे नसतात. विंडोजची 'चेकडिस्क' अशा बेवारस तुकड्यांना 'फाइल०००० डॉट सीएचके' अशी नावं देऊन ठेवते. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये यादीतलं नाव हरवलेल्या फाइली 'लॉस्ट+फाउंड' फोल्डरात जमा होतात.

लिनक्सवरचा असाच एक चकवा: फाइलींची बेरीज करणारी 'डीयू' म्हणते ४० जीबी, आणि नकाशाच्या हिशेबावरून सांगणारी 'डीएफ' म्हणते ९० जीबी. अनेकदा दोघीही खऱ्या असतात. डिलीट केलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने उघडी धरली असेल तर तिचं नाव जातं, जागा सुटत नाही. तो प्रोग्राम बंद केला की जागा परत.

चौदा जण, ८० एमबी

रंगीत चौकोनांच्या चित्रातून कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारे प्रोग्राम अनेकांनी पाहिले असतील. त्यांचा जन्म १९९० सालचा, मेरिलँड विद्यापीठातला. बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक हार्ड डिस्क चौदा जण मिळून वापरत होते आणि ती सारखी भरायची. जागा कोण अडवतंय ते एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी ही आकृती शोधली. शेअर बाजाराचे लाल-हिरवे चौकोनी तक्ते त्याच आकृतीचे वंशज.

एसएसडीचा दुसरा नकाशा

एसएसडीच्या पोटात तिचा स्वतःचा वेगळा नकाशा असतो आणि फाइल सिस्टिमला तो दिसत नाही. त्यामुळे आपण काय डिलीट केलं हे एसएसडीला मुद्दाम कळवावं लागतं. त्या निरोपाला 'ट्रिम' म्हणतात आणि उबुंटूमध्ये तो आपोआप आठवड्यातून एकदा धाडला जातो. निरोप पोचला की जुना मजकूर परत मिळायची आशा सहसा सोडावी लागते. कॅमेऱ्याच्या कार्डाचं तसं नाही. तिथे फोटो चुकून डिलीट झाले तर कार्ड लगेच बाहेर काढा, त्यावर नवं काहीही लिहू नका आणि 'फोटोरेक'सारखा प्रोग्राम चालवा. तो नकाशाला विचारतच नाही, थेट ब्लॉक वाचत जातो आणि फोटोची सुरुवात ओळखून फोटो उचलतो.